दोन्ही प्रती

बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांची एक शिस्त होती: घरच्यांचा नंबर शेवटी. साथ आली की अख्ख्या रांगेला इंजेक्शनं देऊन झाल्यावर दादाला आणि मला बोलवायचे. "कंपाउंडरनं आपल्या पोरांचं आधी उरकलं, असं कुणी म्हणायला नको." सिरिंज सकाळी एकदाच उकळलेली असायची. सुई स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली की झालं. तेव्हा सगळे तसंच करायचे. आधी दादाचा दंड, मग माझा.

पस्तीस वर्षांनी दादाला हिपॅटायटिस सी निघाला. गोळ्यांनी विषाणू तीन महिन्यांत गेला, पण तोवर यकृताचं वाटोळं झालं होतं. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून माझंही तपासलं. विषाणू माझ्याही अंगात येऊन गेला होता. रक्तात खूण तेवढी उरली होती. आला आणि आपला आपण गेला. मला पत्ताही लागला नाही.

आईनं हे ऐकलं आणि बाबांशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पण तोंडातून चकार शब्द नाही. दोन वर्षांनी गेली, तीही न बोलताच. बाबांना अन्न जाईना. समोर ताट आलं की त्यांचा एकच प्रश्न, "सुई तीच, हात तोच. मग त्यालाच का?"

दादाच्या डॉक्टरीणबाईंना एका अभ्यासासाठी भावंडांचे नमुने हवे होते. आम्ही दिले. निकाल आल्यावर बाईंनी समजावलं, की विषाणूशी लढणाऱ्या जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडलांकडून. माझ्या दोन्ही चांगल्या. दादाच्या दोन्ही कमकुवत. "सगळं त्यावरच ठरतं असं नाही, पण फरक पडतो," बाई म्हणाल्या. म्हणजे आईबाबा दोघांकडेही एक चांगली, एक कमकुवत होती. मला दोघांनी चांगली दिली, दादाला दोघांनी कमकुवत. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी निकाल मिळाल्याची सही केली आणि लॅबमध्ये जाऊन उरलेल्या नळ्यांना लेबलं लावत बसले.

घरी बाबा वाटच बघत होते.

"काय निघालं?"

मी जीनचं सांगितलं.

"म्हणजे सुईचं नाही?"

"सुई दोघांना एकच होती, बाबा."

"मग ते जीन का काय, ते कुणाकडून आलं त्याला?"

त्यांच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं मला वाटलं.

"आईकडून," मी म्हटलं.

त्यांनी कॉलर सरळ केली. मग म्हणाले, "मला मान वर करू दिली नाही तिनं. आणि होतं तिचंच!" त्या दिवशी त्यांनी ताट पुसून खाल्लं, वर आणखी वाढायला सांगितलं. मी वाढलं. बरंही वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासोबत हॉस्पिटलात आले. दादाचे डोळे पिवळे, पोटात पाणी भरलेलं. मी अडवायच्या आत बाबा बोलून गेले, "तुझ्या आईकडून आलंय हे, पोरा. माझ्या सुईचं नाही."

दादा शाळेत विज्ञान शिकवायचा. आनुवंशिकतेचा तक्ता त्यानं फळ्यावर किती वर्षं काढला असेल. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"दोन्ही प्रती?"

मी हो म्हणून मान हलवली.

आजारपणात आईनंच त्याची उशापायथ्याशी बसून सेवा केली होती.

"हो बाबा," तो म्हणाला. "आईकडूनच."

बाबांनी त्याच्या पायावरून हात फिरवला आणि चहा आणायला गेले. किती दिवसांनी ताठ चालत होते.

दादानं भिंतीकडे तोंड केलं.

"ठकू, आईला आधी मीच भेटणार," तो म्हणाला. "काय सांगू तिला?"

मी सलाइनचे थेंब मोजले. बरोबर पडत होते.