शेहेचाळीस जास्तीचे गोऱ्हे

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या रोपर नदीकाठची जमीन आम्हा मूळ रहिवाशांना परत मिळाली, त्यानंतर स्वतःच्या शिक्क्याची गुरं परदेशी पाठवायची ही पहिलीच वेळ. तीनशे गोऱ्हे, इंडोनेशियाचा खरेदीदार, डार्विनला उभं जहाज. अट एकच, जनावर साडेतीनशे किलोच्या आत हवं. पुढचं चारणं ते तिकडे स्वतः करतात.

अल्बी काकाला मी हे चारदा सांगितलं होतं. पण काका पडला जुना गुराखी! मी महिनाभर कागदपत्रांच्या मागे शहरात, तेवढ्यात पठ्ठ्यानं निवडक गोऱ्हे नदीकाठच्या हिरव्या कुरणात सोडले.

"परक्या मुलखात हाडकुळी गुरं पाठवायची? लोक तोंडात शेण घालतील आपल्या!"

व्हायचं तेच झालं. काट्यावर शेहेचाळीस बाद. खरेदीदाराचा माणूस हेंडार्तो हळहळला. "जनावरं देखणी आहेत बाई, पण नियम म्हणजे नियम."

बाकीची ट्रकांत चढली. इकडे आमची पंचमंडळी तापली. "म्हाताऱ्याला घरी बसव, डेल्मा. पुन्हा गुरांजवळ फिरकू देऊ नकोस."

काका कुंपणाला टेकून सगळं ऐकत होता. मला त्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण गुरांवाचून हा माणूस वर्षभरात मरेल, हेही मला ठाऊक होतं.

मी व्हिएतनामच्या व्यापाऱ्याला फोन लावला. त्यांना भारी जनावर लागतं, थेट कापायला.

"वजन?" त्यानं विचारलं.

"पावणेचारशे."

तो हसला. "फारच रोड! चार महिन्यांत पाचशेवर न्या, सगळे घेतो. वर आणखी दोनशे जनावरं घेईन."

मी फोन ठेवला आणि पंचांसमोरच मोठ्यानं म्हटलं, "काका, तुझी गुरं रोड आहेत म्हणे."

"कोण म्हणतो गं तो?" काका ताडकन उठला. "डोळे फुटले की काय त्याचे!"

मी सगळं सांगितलं. काका गोऱ्ह्यांकडे वळला.

"पन्नास वर्षं गोऱ्या मालकाची गुरं चारली, पोरी. हुकूम सगळ्यांनी सोडले. अल्बी, तुला जमेल का, असं एकानं विचारलं नाही."

"काका, जमेल का तुला?"

"न जमायला काय झालंय!" म्हणत त्यानं नदीकाठच्या कुरणाचं फाटक उघडलं.