कुत्र्याचे नाव मात्र छापले होते

माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, मित्रांनो, आणि मला उघडले तर सुक्या लिंबाचा वास येतो. मी एक जुने अमेरिकन मासिक आहे. दुसरे महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती, तेव्हा शिकागोच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. महिनाभर एका घराने मला कौतुकाने चाळले. मग ट्रंकेत, कपबश्यांखाली माझी रवानगी झाली. पुढे त्या घरातला मुलगा तेलकंपनीचा इंजिनियर होऊन ओमानला आला, तेव्हा ट्रंकेबरोबर मीही आले. तो परत गेला. मी मात्र तिथल्याच रुवी भागातल्या जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात राहिले.

तिथून १९९६ साली विद्याने मला उचलले. युद्धानंतरच्या अमेरिकी वृत्तपत्रांनी आणि मासिकांनी 'गृहिणी' हा शब्द कसा वापरला, यावर पुण्यात असताना ती प्रबंध लिहीत होती. लग्न होऊन ती ओमानला आली आणि तो अर्धाच राहिला. तिचे यजमान रामकृष्ण एसी दुरुस्तीसाठी पंधरा-पंधरा दिवस दूर सलालाहला असत. मग रुवीजवळच्या वादी अदाई वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत ती आणि मी. तो शब्द दिसला की ती त्याभोवती पेन्सिलीने गोल करी. कधी मोठ्याने वाचे, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून.

वर्षे गेली. तिच्या लेखनाविषयी कुणी चौकशीही केली नाही. अखेर एका दुपारी तिने मला रद्दीत बांधले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची सुफियानची अम्मा गच्चीवर लिंबे सुकवायला कागद मागत आली. विद्याने गठ्ठा उचलला आणि दोघी गच्चीवर गेल्या. माझ्यावर लिंबे पसरता पसरता अम्मा थबकली.

"काय गो, हे गोल कसले? तुझ्या नवऱ्याने पाइप मोजले काय यावर?"

"मी केलेत. जिथे जिथे 'गृहिणी' लिहिलंय तिथे."

"वाच बघू."

विद्याने एका आगीची बातमी मराठीत सांगितली. एका गृहिणीने जळत्या घरातून तीन मुले बाहेर काढली होती. बंबवाल्याचे नाव होते, रस्त्याचे होते, भुंकून जागे करणाऱ्या रस्टी नावाच्या कुत्र्याचेही होते. बाईच्या जागी 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचे नाव.

"कुत्र्याचं छापलं आणि बाईचं नाय?" अम्मा हसली. "भारीच पेपर आहे तुझा."

"यावरच लिहायचं होतं मला."

"मग लिही की. अडवलंय कुणी? बरं, माझं नाव काय, सांग."

विद्याला ते ठाऊकच नव्हते. इतक्या वर्षांत तिने ते विचारलेच नव्हते.

"तोंड नको पाडू. मी तरी कुठं विचारलं? आम्ही तुला एसीवाल्याची बायको म्हणतो. मी हवाबी."

"मी विद्या."

विद्याने माझ्यावरची लिंबे एकेक करून उचलली आणि मला घरी परत नेले. त्यानंतर हवाबी दुपारी डोकावून विचारी, "आज किती गोल झाले गो?" हळूहळू, रखडत, प्रबंध पुरा झाला.

२००४ साली रामकृष्णांची नोकरी संपली आणि मायदेशी परतायचे ठरले. सामान जड झाले होते. विद्याने प्रबंध बरोबर घेतला आणि मला हवाबीच्या हाती दिले. त्याआधी त्या बातमीच्या समासात तिने लिहिले: विद्या. हवाबी. खाली एक रेघ ओढून ती कोरीच ठेवली.

आता मी ओमानमधल्याच सहम गावात, हवाबीच्या मुलाच्या, सुफियानच्या, दुकानावरच्या घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर असते. हवाबीला इंग्रजी येत नाही. घर रिकामे असले की ती तेच पान काढते, 'विद्या'वरून बोट फिरवते आणि मला मिटून ठेवते. पुढचे कित्येक दिवस मला कुणी हात लावत नाही.

मित्रांनो, जुना कागद टाकण्याआधी एकदा चाळा. आणि खालच्या मजल्यावर कोण राहते, तिचे नाव तिलाच विचारा. मला तेवढेही करता आले नाही. तीन मुले वाचवणारी ती बाई पन्नासहून अधिक वर्षे माझ्याच पानावर आहे, आणि तिच्यासाठी ओढलेली रेघ अजून कोरी आहे.