एकशे बारा तक्रारी

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत जिन्याखाली एक खोली आहे. दारावर पाटी आहे 'माहिती वर्गवारी कक्ष', पण सगळे तिला कुलूपखोली म्हणतात, आणि आत बसणाऱ्या बाईंना कुलूपबाई. बाईंना ते ठाऊक आहे. तीस वर्षं एका जागी बसून स्वतःचं टोपणनाव कानावर आलं नसेल, असं थोडंच असतं?

काम म्हणाल तर सांगायला अगदी सोपं. विद्यापीठात याद्यांना तोटा नाही. कोण काय शिकतं, वसतिगृहात कोण कुठल्या खोलीत राहतं, कोणाला कसला आजार आहे, कोणाची फी माफ झाली. अशा प्रत्येक यादीतल्या प्रत्येक रकान्याला बाई एक रंग देतात. हिरवा म्हणजे खुशाल जगाला दाखवा. पिवळा म्हणजे कचेरीपुरतं. नारिंगी म्हणजे नेमून दिलेल्या चार माणसांपुरतं. आणि लाल म्हणजे ज्याचं त्या माहितीवाचून काम अडलंय त्यालाच, आणि तेही वहीत सही घेऊन. रंग देण्याआधी बाई विचारतात, ही माहिती कोणाला हवी, कशाला हवी, आणि भलत्याच्या हाती पडली तर कोणाचं काय होईल. या शेवटच्या प्रश्नाला त्या इतका वेळ लावतात, की भले भले प्राध्यापक हात टेकून निघून जातात.

दीड वर्षापूर्वी संगणक विभागातून त्यांच्या हाताखाली एकजण आली. थोरल्या बाई एक, म्हणून ही धाकटी. हुशार, हाताला वेग जबरदस्त, आणि धीर म्हणाल तर औषधालाही नाही. घरी सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, तू तिथे करतेस तरी काय? हिने समजावलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, आमची सून विद्यापीठात रंगीत चिठ्ठ्या चिकटवते, आणि त्याचा तिला पगार मिळतो.

धाकटीला मनातून तसंच वाटायचं, हे खरं दुखणं होतं.

परीक्षेच्या दिवसांत मुलं खिडकीशी येऊन नुसतं भंडावून सोडत. माझा हॉल कुठला, माझा नंबर कुठे, पेपर किती वाजता. या वर्षी बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस रजेवर गेल्या आणि धाकटीला संधी मिळाली. तिने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एक पान तयार केलं. नाव टाका, की हॉल, बाक आणि वेळ समोर हजर. तिने नियमही नीट पाहिला होता हो! नावाचा रकाना हिरवा, बक्षिसांच्या यादीत नावं छापतोच. हॉलची वाटणी हिरवी, नुसत्या क्रमांकांनी ती फळ्यावर लागतेच. वेळापत्रक तर हिरवंच. तिन्ही रकाने हिरवे, मग यादी हिरवी. हिरव्या यादीला बाईंची सही लागत नाही. सोमवारी सकाळी पान सुरू झालं, खिडकीसमोरची रांग गायब झाली, आणि जो तो तिला शाबासकी देऊन गेला.

त्याच दुपारी एक फोन आला. माणूस बोलायला गोड होता. बायकोचा गुरुवारी पेपर आहे, ती घाबरट आहे, हॉल विसरून बसली आहे, जरा सांगता का? धाकटी म्हणाली, अहो, आता कोणाला विचारायलाच नको, नाव टाका आणि बघा. तिने त्याच्याकडून फोनवर ते करवूनही घेतलं. हॉल चौदा, गुरुवार, दहा वाजता. "तुमचे उपकार मी विसरणार नाही," असं तो म्हणाला.

मंगळवारी बाई काळा चष्मा लावून हजर झाल्या. धाकटीने उत्साहाने सगळं सांगितलं, तो फोनसुद्धा. बाईंच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"त्यांनी नाव काय घेतलं बायकोचं?"

धाकटीने सांगितलं. बाई उठल्या, कपाटातून लाल वही काढली, एक पान पाहिलं आणि वही मिटली. "आधी ते पान उतरव," त्या म्हणाल्या. "मग इथे बस आणि या वहीत सही कर. आता तुझं काम यावाचून अडणार आहे, म्हणून सांगते."

ती मुलगी दोन वर्षांपूर्वी मोडलेला हात घेऊन त्या घरातून बाहेर पडली होती. नवऱ्याने तिच्या जवळ फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम होता. पण हुकूम कागदावर असतो आणि नवरा दारात येतो, म्हणून ती कुठे शिकते हे त्याला कळताच कामा नये, असं ठरलं होतं. बक्षिसांची यादी छापायला जाण्याआधी बाई स्वतः त्यातून तिचं नाव काढत. दोनदा तिचा पहिला नंबर आला होता आणि दोन्ही वेळा फळ्यावरची यादी दुसऱ्या नंबरापासून सुरू झाली होती. गुरुवारचा तिचा शेवटचा पेपर. तो झाला की दूरच्या गावी नोकरी ठरलेली.

रकाने सुटे असताना निरुपद्रवी होते. तिने ते शेजारी शेजारी ठेवले आणि एक बाई गुरुवारी दहा वाजता कुठे सापडेल, याचा पत्ता तयार झाला. तो पत्ता तिने स्वतःच्या तोंडाने त्याला वाचून दाखवला होता.

रागावून बोलल्या असत्या तर बरं, असं वाटावं इतक्या बाई शांत होत्या. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं, दार लावलं आणि काही न लपवता सांगितलं, "आमच्या कचेरीकडून चूक झाली. तो इथवर पोचला आहे." धाकटी 'माझी' म्हणायला गेली, तर बाईंनी टेबलाखाली तिचा हात दाबला. पेपर पुढच्या वर्षी देता येईल, असं बाईंनी तिला सुचवलं.

"मी लिहिणार," ती म्हणाली. "दोन वर्षं याच्यासाठीच काढलीत."

बाईंनी मान हलवली, तिला घेऊन त्या पोलिसांत जाऊन आल्या, आणि तिथून सरळ परीक्षा नियंत्रकांच्या खोलीत शिरल्या. धाकटी मागे होतीच. बाईंचं मागणं ऐकून साहेबांचा पारा चढला. चौदा नंबरचा अख्खा हॉल, एकशे बारा मुलं, गुरुवारी ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर न्यायची, आणि मुलांना कळवायचं त्याच सकाळी, प्रत्येकाला फक्त त्याचा स्वतःचा बाक. एकाला हलवायचं असेल तर एकाला हलवा, साहेब म्हणाले. बाई म्हणाल्या, एकालाच हलवलं की ते एक माणूस उठून दिसतं.

"कारण काय पण?"

"कारण लाल आहे, साहेब."

साहेबांनी फायली आपटल्या. तीस वर्षं तुम्ही आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटताय, वगैरे बरंच बोलून झालं. बाईंनी हुकमाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. लाल माहितीचं कारण विचारायचं नाही, या नियमाखाली साहेबांची स्वतःचीच सही होती. त्यांनी हुकमावर सही केली आणि त्याच झटक्यात बाईंच्या नावे ठपका लिहिला: नियोजनातील ढिसाळपणामुळे ऐनवेळी गोंधळ. तीस वर्षांत पहिलाच.

बाहेर आल्यावर धाकटीला रडू फुटलं. मी आत जाऊन सांगते, चूक माझी आहे, तुमच्या नोकरीला डाग कशाला, असं ती म्हणू लागली.

"सांगितलंस की ते विचारतील, कसली चूक," बाई म्हणाल्या. "मग काय सांगशील? चल, एकशे बारा निरोप लिहायचेत."

त्या दोन दिवसांत धाकटीने बाईंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. एक डोळा अजून पाणावलेला, मान कागदावर वाकलेली, आणि एकशे बारापैकी एकही बाक चुकला नव्हता. इतकी वर्षं हे असं चाललं होतं आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता, कारण पत्ता लागला नाही म्हणजेच काम नीट झालं. धाकटीला स्वतःच्या शाबासक्यांची लाज वाटली. घरी तिच्या घशाखाली घास उतरेना. सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं, पण तिने ताकास तूर लागू दिली नाही.

गुरुवारी दहा वाजता चौदा नंबरचा हॉल रिकामा होता. सव्वादहाला खिडकीशी एक माणूस आला. इस्त्रीचा सदरा, हातात पाण्याची बाटली. बायको बाटली विसरली, म्हणाला. आवाज ऐकताच धाकटीने ओळखलं. टेबलाखालची घंटा तिने पायाने दाबली; ती पहारेकऱ्यांच्या खोलीत वाजते.

"अशी कोणी विद्यार्थिनी इथे आहे की नाही, हे आम्ही कोणालाच सांगत नाही," ती म्हणाली.

"अहो, सोमवारी तर तुम्हीच सांगितलंत. तुमचाच आवाज होता."

"सोमवारी माझी चूक झाली."

तो हसला. मग त्याचं हसू गेलं आणि त्याने खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. तो आवाज चढवून काय काय बोलला, ते सांगण्यासारखं नाही. धाकटी तेच एक वाक्य पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली. दोन पहारेकरी आले, त्यांच्यामागून पोलीस आले आणि हुकमाचा कागद दाखवून त्याला घेऊन गेले. एक वाजता वरच्या मजल्यावर पेपर संपल्याची घंटा झाली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी तक्रारी यायला लागल्या. येणारच होत्या म्हणा! ऐन सकाळी हॉल बदलला, धावपळ झाली, वरचा पंखा कुरकुरत होता. शनिवारी दुपारी बाईंनी गठ्ठा धाकटीपुढे सरकवला आणि मोजायला सांगितलं. तिने मोजला. पुन्हा मोजला.

एकशे बारा.

हॉलमध्ये मुलं एकशे बारा, त्यातली एक ती, मग तक्रारी एकशे अकरा हव्या होत्या. धाकटीने गठ्ठा उलटापालटा केला, आणि तो कागद सापडला. अक्षर नीटनेटकं, खाली त्या मुलीची सही. ऐनवेळी हॉल बदलल्यामुळे माझी फार गैरसोय झाली. संबंधितांवर कारवाई व्हावी, ही विनंती.

"तुम्ही सांगितलंत तिला?" धाकटीने विचारलं.

"मी कशाला सांगू? सगळे तक्रार करतात, तिथे एकच जण गप्प राहिला तर तोच नजरेत येतो. तिला कळतं ते." बाईंनी चष्मा काढून डोळा टिपला. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी येतंच, पण त्यांनी टिपला तो दुसरा डोळा होता.

धाकटीने कागद वेगळा काढला आणि लाल चिठ्ठीसाठी हात पुढे केला. बाईंनी तो हात धरला.

"सगळ्यांना पिवळी लाव. हिला एकटीला लाल लावलीस, तर उद्या कपाट उघडणाऱ्याला पहिली हीच दिसेल."

धाकटीने कागद पुन्हा मधोमध सरकवला आणि चिठ्ठ्या लावायला बसली. एकही वाकडी लागू नये, म्हणून प्रत्येक चिठ्ठी अंगठ्याने दाबून बसवली.

संध्याकाळी सासूबाईंनी ताट वाढता वाढता विचारलं, "काय गं, आज किती चिकटवल्या?"

"एकशे बारा. सगळ्या पिवळ्या."

"एकच रंग? आणि त्यात अख्खा दिवस गेला?"

"हो," धाकटी म्हणाली, आणि चार दिवसांनी पहिल्यांदा तिने पोटभर जेवून घेतलं.