डोक्यावर चढलेला र

मी एक जुनी बॅट आहे, आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर पक्की भित्री आहे. वेगवान चेंडूसमोर उभं राहण्यात जिचा जन्म गेला तिने असं बोलू नये, हे मला कळतं. पण चेंडूची भीती एका टोल्यात संपते. माझ्या अंगावर खोटी सही होती, त्या दिवसांतली भीती मात्र संपता संपत नव्हती.

मी काश्मिरी विलोच्या लाकडाची. पुण्यात मला संभाजीराव नावाच्या पोस्टातल्या कारकुनांनी विकत घेतलं. रविवारी सकाळी ते मला सायकलच्या दांडीला बांधून मैदानावर न्यायचे. त्यांची सर्वांत मोठी खेळी सदतीस धावांची. ती त्यांनी घरी इतक्यांदा सांगितली, की मलाही ती शतकासारखी वाटायला लागली. खेळून आल्यावर ते मला जवसाचं तेल चोळायचे. पाठीवर त्यांनी बारीक अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले आणि मी माळ्यावर गेले. वाळवीच्या धास्तीने पाच वर्षं अंग चोरून काढली. मग घरच्यांना माझा एक उपयोग सापडला, गोधड्या बडवायचा! ज्या अंगाने सदतीस धावा काढल्या त्याच अंगाने मी ढेकूण मारले. शेवटी घर बदलताना भंगारात गेले.

तिथून मला इंद्रजीतने उचललं. मार्केट यार्डाच्या मागे त्याची एक खोली होती आणि तिथे माझ्यासारख्या आणखी सहा म्हाताऱ्या बॅटी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्याने काचपेपर घेऊन संभाजीरावांचं नाव घासून काढलं. आम्ही आणखी जुन्या दिसाव्यात म्हणून आम्हाला कोऱ्या चहाचे हात दिले. मग मोबाइलवर एक नाव टाइप केलं, त्याला वळणदार अक्षर निवडलं आणि ते बघून बघून माझ्या छातीवर शाईने उतरवलं. सही होती हिंदुरावांची.

हे हिंदुराव कुऱ्हाडे कात्रजचे. मार्केट यार्डातला कांदा-बटाट्याचा गाळा सांभाळून ते राज्याच्या संघातून खेळले. हातचा गेलेला एक सामना त्यांनी दिवसभर खेळपट्टीवर पाय रोवून वाचवला होता. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. मी त्यांचा हात कधी पाहिलाही नव्हता.

"कोण बघतंय एवढं? नाव दिसलं की झालं," इंद्रजीत स्वतःशीच म्हणाला. त्याने माझे फोटो काढले, सोनेरी शिक्क्याचं एक प्रमाणपत्र छापलं आणि मला ऑनलाइन लिलावात उभं केलं.

चार दिवस लिलाव चालला आणि चारही दिवस मला एकच भीती होती. कुणीतरी ओळखेल, खोटी म्हणेल आणि मला बंबात घालेल. लाकडाला दुसरी कसली भीती असणार?

लिलाव जिंकला अपेक्षाने. खोक्यातून बाहेर आले तेव्हा एक तरुण मुलगी माझ्याकडे बघून रडत होती. ही हिंदुरावांची नात. घरच्या सगळ्या बॅटी एका स्थलांतरात हरवल्या होत्या. आजोबांचं काहीतरी आजीच्या हातात द्यायचं, एवढाच तिचा हट्ट होता. आजी, म्हणजे आनंदीबाई, लेकीकडे गेल्या होत्या आणि दोन दिवसांनी यायच्या होत्या.

अपेक्षा अगदीच भोळी नव्हती. तिने वडिलांची शाळेतली प्रगतिपुस्तकं काढली. त्यात 'पालकाची सही' या रकान्यात हिंदुरावांच्या खऱ्या सह्या होत्या. ती एकदा माझ्याकडे बघे, एकदा पुस्तकाकडे. माझ्या लाकडाच्या रेषा ताठ झाल्या. "थोडी वेगळी आहे," ती पुटपुटली, "पण तेव्हा ते यंग होते, साइन बदलते ना." माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की ते स्वतःच तिची वकिली करतं. मी सुटले म्हणून सुस्कारा टाकला.

तेवढ्यात इंद्रजीतचा निरोप आला. तिने तो मोठ्याने वाचला. "आजींचा बॅट हातात घेतलेला एक फोटो पाठवा, घरच्या माणसांनी ओळख पटवली की लोकांचा विश्वास बसतो, माझ्याकडे आजोबांच्या सहीच्या आणखी सहा बॅटी आहेत." अपेक्षाला केवढा आनंद झाला! मला मात्र भिंतीला टेकलेल्या त्या सहा जणी आठवल्या. आता आनंदीबाईंचा चेहरा माझ्याशेजारी लागला, की त्यांच्याच तोंडून सहा खोट्या खऱ्या होणार होत्या. तोवर पकडले जाण्याची भीती होती, आता न पकडले जाण्याची वाटू लागली. आणि बोलायला तोंड नाही. मित्रांनो, यासारखी भीती कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आनंदीबाई आल्या. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि मुठीवरून हात फिरवला. अपेक्षाने मोबाइल सरसावला. आजींनी चष्मा नाकावर सरकवला, सहीवर बोट ठेवलं आणि ते एका अक्षरापाशी थांबलं.

"ही ह्यांची सही न्हाई."

"असं कसं, आजी? सर्टिफिकेट आहे."

"त्या कागदाला काय ठावं? कुऱ्हाड्यांच्या घरात र डोक्यावर घेत न्हाईत."

मग अपेक्षाने नीट पाहिलं. प्रगतिपुस्तकात होतं 'कुऱ्हाडे'. ह च्या पोटाशी विळ्यासारखी आडवी रेघ. माझ्या छातीवर होतं 'कुर्हाडे', ह च्या डोक्यावर रफार. मोबाइलने जसं दिलं तसंच इंद्रजीतने गिरवलं होतं.

आजींनी सांगितलं, की या एका रेघेसाठी हिंदुरावांनी मतदारयादी तीनदा दुरुस्त करून घेतली. धावफलकावर नाव चुकलं तर ते आधी खडू मागायचे आणि मग पॅड बांधायचे. "बँकेत खातं काढायचं म्हणून मला सही शिकवली. आठ दिस नुसती ही रेघ गिरवली मी. चुकले की म्हणायचे, र पोटाशी धर, डोक्यावर चढवू नको."

अपेक्षाने आपला मोबाइल उलटा करून बघितला. तिथे कव्हरवर तिचं स्वतःचं नाव छापलेलं होतं, 'अपेक्षा कुर्हाडे'. रोज तेच वाचून डोळ्यांना चूक दिसेनाशी झाली होती. तिला रडू आलं, पण तिने आधी काम केलं. दोन्ही सह्यांचे फोटो लिलाववाल्यांना पाठवले. दुसऱ्या दिवशी त्या सहा बॅटी यादीतून निघाल्या.

मग आजींनी काचपेपर मागितला. आता शेवट, मला वाटलं. खोटी सही खरवडली, की उरते ती गोधड्या बडवायची फळी. मला डोळे असते तर घासताना मी ते मिटले असते.

"हिचा काय दोस?" आजी म्हणाल्या. "बिचारीच्या अंगावर दुसऱ्यानं लिहिलं."

धुरळा पुसून त्यांनी पेन घेतलं. अपेक्षा घाबरून म्हणाली, आजोबांची सही करू नकोस हं. "माझी करतीय," त्या म्हणाल्या. एकेक अक्षर जपून त्यांनी स्वतःची पूर्ण सही केली: आनंदीबाई हिंदुराव कुऱ्हाडे. र पोटाशी धरलेला.

मित्रांनो, माझ्यावर आता हिंदुरावांचं नाव आहे आणि ते खोटं नाही. ज्या हाताला त्यांनी लिहायला शिकवलं, त्याच हाताने ते लिहिलं आहे. तुम्ही कुठलीही सही बघाल तेव्हा नुसतं नाव बघू नका, अक्षर न् अक्षर वाचा. स्वतःचं नावही एकदा नीट वाचा.

मी अजून भित्रीच आहे. आता भीती एवढीच, की कुणी मायेने मला तेल चोळेल आणि ती शाई फिसकटेल. म्हणून हात जोडून सांगते, मला तेल लावाल तेव्हा तेवढी जागा सोडून लावा.