भिजत घातलेली होडी

होडी पाण्यात ढकलली आणि फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागलं. आबांनी, माझ्या वडिलांनी, एक फट पायाने दाबून धरली. पाणी दुसरीतून आलं.

"हौशा, होडी केलीस का चाळण?" काठावरून माझे थोरले चुलते कोंडाजी म्हणाले. लोक हसले. आबा होडीतच उभे राहिले, घोटाभर पाण्यात.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमचं गाव वाचलं, पण शाळेची वाट बुडाली. शाळा पलीकडच्या काठावर नुसती दिसायची. वळसा घालून जायचं तर पोचेपर्यंत ती सुटायची. मी घरी बसले. मग काकांनी सुदुंबऱ्याचं स्थळ आणलं. आबांनी जन्मभर नांगर, चाकं आणि दारं-खिडक्या केलेल्या. पण ते काकांना म्हणाले, "दादा, मी होडी करतो. तरंगली तर रतन शाळंत जाईल. न्हाई तर तुमी म्हनाल तितं देतो."

होडी त्यांनी एकदाच पाहिली होती, लोणावळ्याला बंगल्याच्या खिडक्या दुरुस्त करताना, तळ्यावर, लांबून. सबंध उन्हाळा कामावरून आल्यावर ते फळ्या तासायचे. मी करवतीचं दुसरं टोक धरायची, सांध्यांत कापूस आणि राळ ठासायची.

"पोरीला भाकरी शिकवा, रंधा कशाला?" आई उंबऱ्यातून म्हणायची.

"भाकरी तू शिकीव. मला कुटं येती?"

आणि आता ती होडी भरत होती.

"झालं," काका म्हणाले. "आता तिथी बगू."

"कामशेतचा बाजार हू द्या, दादा. मग बगा."

आबांनी मला धोंडे आणायला सांगितले. एकेक धोंडा त्यांनी होडीत ठेवला, आणि आमची होडी आम्हीच बुडवली. हौशीरामाचं डोकं फिरलं, असं कुणीतरी म्हणालंच.

"उन्हानं चाक खिळखिळं झालं की वढ्यात टाकतो ना आपन?" आबा मला हळूच म्हणाले. "लाकूड फुगतं, आवळतं. पर हे चाक न्हाई. काय व्हतंय कुनास ठावं."

ते रोज संध्याकाळी काठावर जाऊन उभे राहत. मी गेले नाही. आईने ट्रंकेतलं आपलं लग्नातलं लुगडं काढून उन्हात घातलं.

बाजार झाल्यावर आम्ही धोंडे काढले, पाणी उपसलं. फळ्या अशा मिटल्या होत्या की फटीत नख शिरेना. पाणी आत आलं नाही. काकांनी वाकून तळावर हात फिरवला आणि धोतराला पुसला.

"ने तिला," ते म्हणाले. "पर बुडवू नगंस."

पोहता दोघांनाही येत नव्हतं. वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते, म्हणून मी समोर बसून डावं-उजवं सांगत होते. आम्ही बराच वेळ गोल फिरलो. अखेर पलीकडे लागलो तेव्हा कळलं, की दोर बांधायला होडीला कडीच नव्हती. शेतात नांगर सोडून आलं तर तो जागचा हलत नाही. होडी बांधायचं आबांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

होडीत बसूनच त्यांनी काठावरची करवंदीची जाळी मुठीत धरली. "तू जा. मी हाय हितं."

शाळा सुटली तेव्हा ते तसेच बसलेले होते, हात जाळीत. दिवसभर वारा होता. भाकरीचं फडकं सोडलेलं नव्हतं.

"काय शिकिवलं?"

"भागाकार."

"समजला?"

"थोडा."

"थोड्यासाठी येवढं बसिवलंस व्हय मला?"

तळहातात काटे मोडले होते. "घरी गेल्यावर काढ," म्हणाले आणि त्याच हातांनी वल्ही धरली. घरी आले ते भिंतीला टेकले आणि तिथेच झोपले. मी दिवा आणि सुई घेऊन शेजारी बसले. एकेक काटा काढला. त्यांना जाग आली नाही.

कडी दुसऱ्याच दिवशी बसली. शाळा संपेपर्यंत ते मला नेत राहिले. त्यांचा हात मात्र इतका वेळ माझ्या हातात पुन्हा कधी आला नाही. आला तो गेल्या महिन्यात, माझ्या वडगावच्या बिऱ्हाडात, ते गेले त्या दुपारी. तेव्हाही त्यांना जाग आली नाही. मी मूठ उघडून पाहिली. काढण्यासारखं काही नव्हतं.