मधला थांबा

“ड्रायव्हर रस्ता चुकलाय,” सुनेच्या मोबाइलवर बोट आपटत आबा म्हणाले. “सरळ जायचं सोडून वर कुठं चाललाय हा?”

पडद्यावरच्या नकाशात इवलंसं पिवळं विमान कमानीसारख्या रेषेवरून सरकत होतं. त्यात आबांची बायको होती. परदेशातल्या लेकीचे दिवस भरत आले होते, म्हणून ती बाळंतपणाला निघाली होती. जन्मात पहिल्यांदा विमानात, तेही एकटी.

“आबा, पृथ्वी गोल आहे. तोच जवळचा रस्ता,” सून भाजी निवडता निवडता हसली.

“पृथ्वी असेल गोल, डिझेल काय फुकट येतं?”

बत्तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला अंतराचं कौतुक कुणी सांगावं! तेरा हजार किलोमीटर, सोळा तास. आबांना बसनं दीड महिना लागला असता. पण आज थट्टेत त्यांचं मन नव्हतं. काल विमानतळावर बॅग ढकलता ढकलता बायको मध्येच थांबली होती. छातीवर हात ठेवून म्हणाली होती, “पित्त झालंय. कुणाला बोलू नका हं, पोर वाट बघतेय.” तिच्या हट्टापुढे आबांचं कधी चाललं होतं म्हणून काल चालावं? ते गप्प बसले, आणि तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

चहा ओतता ओतता सून एकदम म्हणाली, “अगंबाई, हे खाली का वळलं?”

रेषा सोडून विमान कुठल्याशा अनोळखी शहराकडे निघालं होतं. थोड्या वेळानं ते तिथं उतरलंच.

“हवा खराब असेल,” सून म्हणाली. “नाहीतर काही बिघाड.”

आबांना मात्र त्यांची एक जुनी फेरी आठवली. फार वर्षांपूर्वी भर दुपारी त्यांच्या बसमध्ये एका म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली होती. आबांनी गाडी आडरस्त्याला घातली, म्हाताऱ्याला पहिल्या दवाखान्याच्या हवाली केलं आणि बाकीचे प्रवासी घेऊन पुढे गेले. दुसरं काय करणार? शेवटच्या स्टँडवर म्हाताऱ्याची मुलगी उभी होती. सगळे उतरले तरी ती दारातून रिकाम्या बसमध्ये वाकून बघत राहिली. तिला सांगायचं काम आबांवरच आलं होतं.

बिघडलेली गाडी लवकर हलत नाही, आणि बिघडलेली हवाही. उतारू उतरवायला मात्र वेळ लागत नाही. आबांनी आयुष्यात पहिल्यांदाच, गाडी बिघडलेली असू दे म्हणून देवाला हात जोडले.

चहा तसाच गार झाला. तासाभरानं सुनेनं टाळी वाजवली.

“निघालं बघा! उगाच घाबरवलं मेल्यानं. पोचतील आई, थोडा उशीर, एवढंच.”

पिवळं विमान पुन्हा आपल्या रेषेला लागलं होतं. तासाभरात कुठला बिघाड दुरुस्त होतो! आबांनी कपबशी खाली ठेवली.

“जावयाला फोन लाव.”

“आत्ता? अहो, पोचायला अजून सहा तास आहेत.”

“म्हणूनच लाव. त्याला म्हणावं, विमानतळावर पोरीला दारात एकटीला उभी करू नको. तिच्यासाठी आधी एक खुर्ची बघून ठेव.”