कॉम्प्रेसरजवळची झोप

दिशा गाडीत एका जागी बसली तर ती दिशा कसली. पेण सोडल्यापासून सीटवर तिची चढ-उतर चालली होती, आणि कासू येईपर्यंत डब्यातल्या निम्म्या लोकांचं मला पोर कशी सांभाळायची ते शिकवून झालं होतं. एक काका म्हणाले, मोबाइल देत असाल. मी म्हटलं, आम्ही नाय देत, तुम्हाला पायजे तर तुमचा द्या. मग ते खिडकीबाहेर बघायला लागले.

समोर माझ्या सासूबाई इंदुबाई, घरात सगळ्यांच्या आई, मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसलेल्या. त्यांना घेऊन मी रोह्याला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाले होते. पाच वर्षांची पोर हाक मारली तरी वळून बघत नाही, बालवाडीतून उठून पळते, कोणी टाळी वाजवली की कान झाकून ओरडते. बालवाडीच्या बाईंनीच सांगितलं, तपासून घ्या. त्यावर माझा नवरा आदेश म्हणाला, "एकदाच जायचं. डॉक्टर काय नाय म्हणाले, की हा विषय घरात परत काढायचा नाय." आणि डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, तान्हेपणी जिने सांभाळलं तिला बरोबर आणा.

सांभाळलं आईंनी. आमचा गणपतींचा कारखाना. दिशा झाली ती सीझनच्या आधी, आणि मूर्तींचे डोळे लिहिणारी घरात मी एकटी. अंगात ताकद आल्याबरोबर मी ब्रश घेऊन बसले. पोरीचं विचारलं की आईंचं उत्तर ठरलेलं, "झोपलीय गो. गरीब पोर हाय." अख्ख्या आळीला त्यांनी हेच सांगितलं. आज डॉक्टरांनाही त्यांनी हेच सांगितलं, तर आदेशला हवं तेच होणार.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या दिशाने दिव्याचं बटण चालू-बंद करायला घेतलं. मग कोपऱ्यातल्या पाण्याच्या कूलरला गाल लावून उभी राहिली ती राहिलीच. घरी फ्रिजला अशीच चिकटते. मी ओढून काढते, ती बोंब मारते, रोजचं झालंय.

"आजी, तान्ही असताना कशी होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गरीब होती," आई म्हणाल्या. झालं, मनात म्हटलं, उठा आता.

"आणि रडली की कशाने गप्प व्हायची?"

आईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कूलरला चिकटलेल्या दिशाकडे.

"कॉम्प्रेसरनी," त्या म्हणाल्या. "रंग फवारायचा अस्तो ना, त्यो. मांडीवर घेतली की कमान करायची. पाळणा नको, खांदा नको. दिवस दिवस रडायची. मंग मी मागच्या शेडमधी न्यायची, नुसता कॉम्प्रेसर चालू करायची आन् त्याच्या कडेला गोधडीवर ठेवायची. ढरढर सुरू झालं की गप. हात लावला की परत चालू."

तो आवाज मला आठवत होता. मला वाटायचं, आमचा कारागीर केरू मूर्तींवर रंगाचं शेडिंग फवारतोय.

माझं डोकंच फिरलं. "आई, मला का नाय सांगितलं कधी?"

"तू डोळे लिवत होतीस. पोर रडते म्हटलं अस्तं तर तुझा हात हलला अस्ता." मग पिशवीच्या बंदाशी चाळा करत म्हणाल्या, "आन् मला वाटलं, माझाच हात तिला सोसत नाय. आजीचा हात नातीला नको, हे कोणाला सांगू गो?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, तुमच्या हातात काही वाईट नव्हतं. अशा रडणाऱ्या बाळांतली पुष्कळशी पुढे छान वाढतात. पण हिचं तेव्हाचं आणि आत्ताचं एकत्र बघितलं तर नीट तपासणी करायला हवी. ऑटिझम असेल, एडीएचडी असेल, दोन्हीही असतील. आज नाव देत नाही. पण काही नाही, असं मी म्हणणार नाही."

मला रडू आलं. पोरीला काहीतरी आहे हे ऐकून कोणाला हायसं वाटतं का? मला वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

रोहा स्टेशनवर भोंग्यातून एकदम घोषणा सुरू झाली आणि दिशा माझा हात सोडून पळाली. थोडं पुढे जाऊन फलाटावर आडवी पडली, कानांवर हात, नुसती किंकाळी. माणसं जमली. मी उचलायला वाकले.

"उचलू नको," आई म्हणाल्या.

त्या तिथेच खाली बसल्या, तिच्याकडे पाठ करून, हातभर लांब. आणि घशातून आवाज काढायला लागल्या, ढर्रर्र, ढर्रर्र. लोक हसले. आईंनी कोणाकडे बघितलं नाही. आमची गाडी आली, उभी राहिली, गेली.

हळूहळू किंकाळी थांबली. दिशा सरकत सरकत आली आणि आईंच्या पाठीला पाठ टेकून बसली. आईंचे डोळे भरले, घशातला आवाज चालूच. हात मात्र त्यांनी वळवला नाही, दोन्ही मुठींत पदर गच्च धरून ठेवला.

आदेशचा फोन आला. "काय म्हणाले डॉक्टर?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "आई कॉम्प्रेसर चालवतायत."